एलएम३५ तापमान-सेन्सर चुकतोय, रिले टकटकतोय. सल्ला हवा

उबवणी_पेटी: अंडी उबवायच्या पेटीसाठी अर्डुइनो ऊनो (छोटा कंट्रोलर बोर्ड) वापरतोय. त्याच्या ए० या अ‍ॅनालॉग इनपुटला ३ मीटर वायरवर एलएम३५, ए१ ला १०० किलोओहमचा एनटीसी (तापमान वाढलं की रोध कमी होणारा रेझिस्टर) आणि वर तेवढाच रेझिस्टर. थर्मामीटर ३७.५ दाखवतो तेव्हा बोर्डाला यूएसबीवरून वीज दिली तर एलएम३५ जवळपास ४०, अ‍ॅडॉप्टरवरून ३८. बल्ब लागला की आकडा दीडेक अंश वर जातो आणि बल्ब चालू-बंद करणारा रिले टकटकत राहतो. एनटीसीचा आकडा एलएम३५ च्या दिशेनं ओढला जातो. सेन्सर बदलू का?

तांब्याची_तार: इतक्यात नको. बोर्ड सेन्सरचा व्होल्टेज स्वतःच्या पुरवठ्याशी तुलना करून मोजतो, म्हणून मल्टिमीटरने ५ व्होल्टची पिन मोजा. यूएसबीवर ४.७ असेल आणि प्रोग्रॅममध्ये ५.० धरलं असेल, तर ३७.५ चे ३९.९ होतात. तुमचा आकडा नेमका तोच आहे.

टकटक मात्र ग्राउंडमुळे (शून्य व्होल्टची सामाईक वायर). रिलेची कॉइल सुमारे ७० मिलिअँपिअर घेते. ब्रेडबोर्ड आणि जंपर मिळून ०.२ ओहम धरा: १४ मिलिव्होल्ट, म्हणजे १.४ अंश (एलएम३५ दर अंशाला १० मिलिव्होल्ट देतो). सेन्सरचं ग्राउंड त्याच वायरवर असेल तर बल्ब लागताच पेटी 'गरम' दिसते, रिले सुटतो, आकडा खाली येतो, रिले पुन्हा लागतो. सेन्सरचं ग्राउंड थेट बोर्डाच्या पिनवर वेगळं आणा आणि रिलेला स्वतंत्र ५ व्होल्ट द्या. प्रोग्रॅममध्येही ३७.३ ला चालू, ३७.७ ला बंद असं अंतर ठेवा.

उबवणी_पेटी: मग चिपच्या आतला १.१ व्होल्टचा रेफरन्स (मोजताना तुलनेला धरायचा व्होल्टेज) लावू?

ओहम_शांती: एकटा एलएम३५ असता तर हो. पण एनटीसी आणि रेझिस्टरच्या जोडीवर खोलीच्या तापमानाला निम्मा पुरवठा, म्हणजे अडीच व्होल्टच्या आसपास येतो; ए१ कायम १०२३, म्हणजे कमाल आकडा दाखवेल. त्यापेक्षा बोर्डाची ३.३ व्होल्ट पिन एरेफला (बाहेरचा रेफरन्स घेणारी पिन) जोडा आणि एनटीसीची जोडीही त्याच ३.३ वर चालवा, पुरवठा हलला तरी गुणोत्तर तेच राहतं. एलएम३५ ला मात्र ५ व्होल्टच हवेत, त्याला किमान ४ लागतात. मोजमापाची एक पायरी ३.२ मिलिव्होल्टची, ०.३ अंश, ३२ वाचनांची सरासरी घ्या. महत्त्वाचं: पहिल्या वाचनाआधीच एक्स्टर्नल रेफरन्स निवडा. नाहीतर आतला रेफरन्स आणि ३.३ व्होल्ट एकमेकांवर येऊन चिप जाऊ शकते.

एनटीसी ओढला जातो कारण १००-१०० किलोओहमच्या जोडीचा स्रोत-रोध (पिनला दिसणारा रोध) ५० किलोओहम, आणि या चिपला १० किंवा कमी हवा. आतला छोटा कपॅसिटर वेळेत भरत नाही, आधीच्या चॅनेलचा (इनपुटचा) अंश उरतो. १० किलोओहमचा एनटीसी आणि तेवढाच रेझिस्टर लावा. तोपर्यंत ए१ ते ग्राउंड १०० नॅनोफॅरड लावा आणि चॅनेल बदलल्यावरचं पहिलं वाचन टाकून द्या.

तांब्याची_तार: ३ मीटर वायरही विसरू नका. एलएम३५ ला ५० पिकोफॅरडच्या वर वायरच्या कपॅसिटन्सचा भार सोसत नाही, आउटपुट डोलायला लागतं. सेन्सरच्या पायाशीच आउटपुटमध्ये २ किलोओहम मालिकेत घाला. ही वायर बल्बच्या २३० व्होल्टच्या वायरसोबत बांधू नका. हे सगळं झाल्यावर ३७.५ लाच थर्मामीटरशी ताडून उरलेला फरक प्रोग्रॅममध्ये वजा करा. आधी केलंत तर तो फरक पुरवठ्याबरोबर पुन्हा बदलेल.