मदत हवी आहे: वारा घातला की प्रवाह निम्मा का होतोय?

खारघरची_ऋता: एम.एस्सी. प्रकल्प, ध्रुवीय आयनांबरातले (आयन म्हणजे विद्युतभारित कण असलेल्या वरच्या हवेतले) विद्युतप्रवाह आणि वरचे वारे. विद्युतक्षेत्र २० मिलिव्होल्ट प्रति मीटर, वारा २०० मीटर प्रति सेकंद. गणितात वारा घातला की प्रवाह निम्म्यावर! डायनॅमो, म्हणजे तिथला प्रवाह तयार करणारी यंत्रणा, वाऱ्यानेच चालतो ना? सोमवारी सरांना दाखवायचंय, प्लीज लवकर.

घोडबंदरकर: कुठला ध्रुव? किती उंची? वाऱ्याची दिशा?

खारघरची_ऋता: ध्रुवाने काय फरक पडतो?? सूत्र तेच आहे.

घोडबंदरकर: पडतो. उत्तरेला चुंबकीय क्षेत्र जमिनीत शिरतं, अंटार्क्टिकातल्या आपल्या ‘मैत्री’ केंद्राकडे जमिनीतून वर येतं. सूत्रातल्या वाऱ्याच्या पदाचं चिन्हच उलटतं.

नेरुळचे_नाना: अगं, निम्मा येणारच! २० मिलिव्होल्टला आयन साधारण सेकंदाला ४०० मीटरच्या वेगाने सरकतात आणि हवेलाही ओढतात. हवा त्याच दिशेने २०० ने निघाली की दोघांच्या वेगातला फरक निम्मा, प्रवाहही निम्मा. खरी मजा पुढे. चुंबकीय वादळ ओसरलं की विद्युतक्षेत्र पडतं, पण हवा जड, ती काही तास वाहतच राहते. तेव्हा तीच डायनॅमो.

घोडबंदरकर: नाना, हे ३०० किमीला ठीक. आडवा प्रवाह मुख्यतः १०० ते १५० किमीत. तिथे हवा दाट, आयनांना इतकी बधत नाही. ऋता, वारा कुठून घेतलास?

खारघरची_ऋता: अरोराच्या (ध्रुवीय प्रकाशाच्या) ६३० नॅनोमीटरच्या लाल रेषेवरून.

घोडबंदरकर: म्हणजे जवळपास २५० किमीचा! गच्चीवरचा वारा तळमजल्याच्या खिडकीला लावलास.

नेरुळचे_नाना: वादळ लांबलं तर १२५ किमीलाही ओढ लागते हो.

घोडबंदरकर: लागते. पण तिने एकाच क्षणाचे आकडे घेतलेत.

पनवेल_लोकल: नवीन पनवेलच्या भूचुंबकत्व संस्थेत विचारा की. त्यांची कुलाब्याची वेधशाळा विजेच्या ट्राम येणार म्हणून अलिबागला हलवली, १९०४ साली. आता आपल्या मेट्रोचं काय?

घोडबंदरकर: मेट्रोचा संबंध काय इथे?

खारघरची_ऋता: १२० किमीचा वारा कुठे मिळेल ते सांगा!

नेरुळचे_नाना: नॉर्वेतल्या ट्रोम्सोचं आयस्कॅट रडार बघ. आयनांचा वेग उंचीनिहाय मिळतो, त्यावरून वारा काढता येतो.

वाशीची_सुनबाई: ट्रोम्सोला मार्चमध्ये अरोरा दिसतो का? सासूबाईंना न्यायचंय.

घोडबंदरकर: ताई, वेगळा धागा काढा. ऋता, १२० किमीला वाहकता किती धरलीस? ध्रुवही अजून सांगितला नाहीस.