जिल्हा परिषदेच्या प्रचारात ध्वनिमुद्रित कॉल करावेत का? सल्ला हवा आहे

विटेकर

नमस्कार मंडळी. माझ्या थोरल्या वहिनी खानापूर तालुक्यातील एका जिल्हा परिषद गटातून निवडणूक लढवण्याच्या तयारीत आहेत आणि घरात संगणकावर काम करणारा मी एकटाच असल्यामुळे प्रचाराची ‘मोबाइलची बाजू’ माझ्या गळ्यात पडली आहे. गेल्या आठवड्यात एक एजन्सीवाले गृहस्थ घरी येऊन गेले. वहिनींच्या आवाजात अर्ध्या मिनिटाचा संदेश मुद्रित करायचा, तो गटातल्या सगळ्या मतदारांना मतदानापर्यंत तीन वेळा ऐकवायचा आणि मतदारांचे मोबाइल क्रमांकही तेच पुरवणार, असा त्यांचा प्रस्ताव आहे. भावाला ही कल्पना फार आवडली. वहिनींचे म्हणणे मात्र असे की, ज्या बाईच्या दारात मी जाऊन बसू शकते तिला मशीनने फोन कशाला करायचा?

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. अशा कॉलने मते खरोखर वाढतात का? त्याला परवानगी वगैरे लागते का? आणि आमच्या भागातील पुष्कळ कुटुंबे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, व्यवसायानिमित्त केरळ, तमिळनाडूपासून बंगालपर्यंत विखुरलेली आहेत, त्यांची नावे मात्र इथल्याच यादीत आहेत. त्यांना गाठण्यासाठी हा मार्ग बरा पडेल का?

कोरेगावकर

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत सातारा जिल्ह्यातल्या एका उमेदवाराच्या कचेरीत हेच काम माझ्याकडे होते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. पक्ष आणि उमेदवार यांची नावे मुद्दाम लिहीत नाही.

सर्वप्रथम कॉलचा अहवाल कसा वाचायचा ते शिकून घ्या, कारण एजन्सी आपल्याला फक्त ‘इतके कॉल लागले’ एवढाच आकडा मोठ्या अक्षरांत दाखवते. त्याखालच्या तक्त्यात प्रत्येक क्रमांकापुढे फोन किती सेकंद चालला हे लिहिलेले असते. तो तक्ता मी पहिल्यांदा उघडला तेव्हा पानेच्या पाने ४ सेकंद, ५ सेकंद, ७ सेकंद अशा नोंदींनी भरलेली होती. आमचा संदेश ‘सातारा जिल्ह्याच्या सर्वांगीण विकासासाठी कटिबद्ध असलेले’ अशा दमदार वाक्याने सुरू होत होता आणि उमेदवाराचे नाव यायला अकरा सेकंद लागत होते. याचा अर्थ असा की, बहुतेक लोकांनी नाव कानावर पडण्याआधीच फोन ठेवला होता. पैसे मात्र पल्सप्रमाणे, म्हणजे ठरलेल्या सेकंदांच्या टप्प्याने मोजले जातात. चार सेकंदांत ठेवलेल्या फोनचाही पूर्ण पल्स लागतो. दुसऱ्या खेपेला आम्ही पहिल्याच श्वासात गावाचे नाव आणि उमेदवाराचे नाव घेतले, विशेषणे सगळी काढली, आणि नोंदी बऱ्यापैकी लांबल्या.

मते वाढतात का, याचे माझे उत्तर असे आहे की, मन वळवण्याच्या कामी हा कॉल जवळजवळ निरुपयोगी आहे. अमेरिकेत यावर रीतसर प्रयोग झालेले आहेत. १९९८ मध्ये न्यू हेवन शहरात सुमारे ३०,००० मतदारांवर केलेल्या प्रयोगात घरी जाऊन भेटल्याने मतदान चांगले वाढले, पत्रांनी थोडेसे वाढले आणि फोनने वाढल्याचे दिसले नाही. विशेष म्हणजे ते फोन माणसांनी केलेले होते. पुढे २००६ मध्ये टेक्सासच्या एका पक्षांतर्गत निवडणुकीत खुद्द गव्हर्नरच्या आवाजातील मुद्रित संदेश पाठवून पाहिला, तरी मतदानाला जाणाऱ्यांची संख्या काही हलली नाही. तुमच्या वहिनींना हे आकडे न वाचताच कळलेले दिसते.

आता नियम. लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुकीत मोबाइलवरील घाऊक एसएमएस आणि ध्वनिसंदेश हे भारत निवडणूक आयोगाच्या सूचनांप्रमाणे पूर्वप्रमाणनाच्या, म्हणजे प्रसारणाआधी तपासून मंजुरी घेण्याच्या, कक्षेत येतात. सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २००४ च्या आदेशातून ही पद्धत सुरू झाली. जिल्हा पातळीवर माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समिती असते, जिला सगळे ‘एमसीएमसी’ म्हणतात. नोंदणीकृत पक्षाने किंवा उमेदवाराने प्रसारणाच्या किमान तीन दिवस आधी तिथे अर्ज द्यायचा असतो आणि सोबत ध्वनिफितीच्या दोन प्रती व साक्षांकित संहिता जोडायची असते. निर्मितीला किती खर्च आला आणि प्रसारणाला किती येणार हेही त्याच अर्जात लिहावे लागते, आणि पैसे धनादेशाने किंवा ड्राफ्टने देणार असे नमूद करावे लागते. अर्जात लिहिलेला आकडा पुढे उमेदवाराच्या खर्चाच्या हिशोबात जसाच्या तसा दिसला पाहिजे. आमच्या एजन्सीने बिल दोन तुकड्यांत दिले आणि त्यातला एक तुकडा रोखीने मागितला, त्यावरून आमच्या हिशोबनिसांनी दोन दिवस जेवण सोडले होते.

जिल्हा परिषदेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो. त्याचे आदेश, खर्चाची मर्यादा आणि जाहीर प्रचार थांबण्याची वेळ हे सगळे वेगळे असते. त्यामुळे विधानसभेचा अंदाज इथे लावू नका. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात लेखी अर्ज करून लेखी उत्तर घ्या आणि ते उत्तर आल्याशिवाय एजन्सीला आगाऊ रक्कम देऊ नका.

येरळाकाठ

कोरेगावकरांनी कचेरीतली बाजू सांगितली, मी फोन उचलणाऱ्यांची सांगतो. आमची आजी शहाऐंशी वर्षांची आहे. गेल्या निवडणुकीत दुपारी तिच्या साध्या मोबाइलवर एका मोठ्या नेत्यांचा कॉल आला. ‘नमस्कार, मी अमुक बोलतोय’ एवढे ऐकताच ती पदर सावरून उठून बसली आणि म्हणाली, “बोला की सायेब, बरं हायसा न्हवं?” साहेब बोलतच राहिले. तिने टेंभू सिंचन योजनेच्या पाण्याचे आवर्तन कधी सुटणार म्हणून दोनदा विचारले, साहेबांनी आपल्या निशाणीचा क्रमांक सांगितला आणि फोन बंद झाला. त्यानंतर आठवडाभर ती भेटेल त्याला सांगत होती की, मोठा माणूस आहे पण बाईमाणसाचे ऐकून घ्यायची रीत नाही.

नेत्याच्या आवाजातला संदेश ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. २००४ च्या लोकसभेच्या वेळी अटलबिहारी वाजपेयींचा आवाज असाच फोनवरून घरोघर ऐकू आला होता. तेव्हा त्याचे अप्रूप होते, लोक शेजाऱ्यांना बोलावून सांगत. (निकाल काय लागला ते आपण जाणताच.) आता कर्जवाल्यांचे, विमावाल्यांचे आणि फसवणूक करणाऱ्यांचे कॉल येऊन येऊन अनोळखी क्रमांक दिसला की माणूस आधीच सावध होतो.

वेळेचेही पाहा. सकाळी सहा ते आठ आपल्याकडे धार काढून दूध डेअरीला घालायची घाई असते. शेतीपंपाला रात्रीची वीज असेल तर दारे धरून आलेला माणूस दुपारी झोपलेला असतो. त्याची झोप मोडून मत मागणारा उमेदवार त्याच्या चांगला लक्षात राहतो, पण आपल्याला हवा तसा नव्हे.

जावळीखोरे

मी थोडे वेगळे मत मांडतो. वरच्या दोघांचे म्हणणे प्रचारापुरते खरे आहे, पण मूळ प्रश्नातील तिसरा मुद्दा बाजूला पडला. आमच्या जावळी आणि पाटणकडची निम्मी आळी मुंबईत असते. त्यांचे मत कुणाला हे ठरलेले असते. प्रश्न गाडीत बसण्याचा असतो. आमच्या ग्रामपंचायतीच्या वेळी आम्ही मुंबईकरांपुरताच एक मुद्रित कॉल केला होता. त्यात मत मागितलेच नव्हते. मतदानाची तारीख, वेळ, शाळेची कोणती खोली आणि आदल्या रात्री गावाकडे कोणती एसटी किती वाजता सुटते, एवढेच सांगितले होते. आवाज उमेदवाराचा नव्हता, तर गावातल्या निवृत्त गुरुजींचा होता, ज्यांच्या हाताखाली त्यातले बहुतेक जण शिकलेले आहेत. पुष्कळांनी तो शेवटपर्यंत ऐकला आणि काहींनी तर घाबरून उलट फोन केला.

तुमच्या गलाईवाल्यांसाठी हेच करा, पण मतदानाच्या आदल्या दिवशी नको. केरळातून येणाऱ्याला रेल्वेचे आरक्षण लागते, दुकान कुणाच्या तरी हवाली करावे लागते. तारीख जाहीर झाल्या आठवड्यातच पहिला कॉल जायला हवा. त्या कुटुंबांचे क्रमांक एजन्सीकडून विकत घेऊ नका. गावातल्या त्यांच्या भावकीकडे ते आहेतच. गाडी किंवा तिकीट आपण देण्याच्या फंदात मात्र पडू नका, तो सरळ गुन्हा ठरू शकतो.

विटेकर

सर्वांचे मनापासून आभार. गुरुजींची कल्पना वहिनींना फार पसंत पडली. एक गोष्ट विचारायची राहिली. एजन्सीवाल्यांनी आज सांगितले की, वहिनींना स्टुडिओत यायचीही गरज नाही. त्यांच्या भाषणाचा एक व्हिडिओ दिला की संगणक त्यांच्याच आवाजात प्रत्येक मतदाराचे नाव घेऊन बोलेल, ‘नमस्कार शांताकाकू’ असे. शिवाय त्यांच्याकडे ‘गटातील पूर्ण डेटा’ आहे म्हणतात. हे करावे का?

कोरेगावकर

करू नये. मतदार यादीत नाव, वय आणि घर क्रमांक असतो; मोबाइल क्रमांक छापलेला नसतो. मग ‘पूर्ण डेटा’ आला कुठून, हा प्रश्न त्यांना सरळ विचारा. गॅसची नोंदणी, दुकानाची बिलबुके, एखाद्या पतसंस्थेची सभासद यादी अशा ठिकाणांहून संमतीशिवाय उचललेले क्रमांक असतील, तर उद्या तक्रार एजन्सीवर नाही, उमेदवारावर येते. व्यक्तिगत डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालेला आहे, त्याचेही भान ठेवा. कॉल कोणत्या लाइनवरून जाणार तेही विचारा. जाहिरातीच्या कॉलसाठी दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने १४० ने सुरू होणारे क्रमांक ठरवून दिले आहेत, आणि नोंदणी नसलेल्या टेलिमार्केटरांच्या लाइनी तोडून त्यांना दोन वर्षे काळ्या यादीत टाकण्याचा आदेश ऑगस्ट २०२४ मध्ये निघालेला आहे. साध्या दहा अंकी सिमवरून घाऊक कॉल करणारा माणूस स्वस्त सांगतो, पण प्रचाराच्या मध्यावर त्याची लाइन तुटली तर आपण काय करणार?

कृत्रिम आवाजाबद्दल तर अधिकच सावध राहावे. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात अध्यक्ष बायडेन यांच्या नकली आवाजात ‘या निवडणुकीत मत देऊ नका’ असे सांगणारे कॉल गेले. त्यानंतर फेब्रुवारीत तिथल्या दूरसंचार आयोगाने संगणकनिर्मित आवाजाचे असे कॉल बेकायदा ठरवले आणि कॉल करवणाऱ्या सल्लागाराला पुढे ६० लाख डॉलरचा दंड झाला. आपल्याकडे भारत निवडणूक आयोगाने ऑक्टोबर २०२५ मध्ये पक्षांना दिलेल्या सूचनेनुसार कृत्रिम ध्वनिसंदेश असेल तर तसा उल्लेख सुरुवातीच्या १० टक्के वेळातच करावा लागतो. म्हणजे तीस सेकंदांच्या कॉलमधील पहिले तीन सेकंद ‘हा आवाज संगणकाने तयार केलेला आहे’ हे सांगण्यात जाणार. शांताकाकू त्यानंतर फोन कानाला लावून ठेवतील असे तुम्हाला वाटते का?

उलट धोका मला जास्त दिसतो. वहिनींचा हुबेहूब आवाज एकदा कुणाच्या संगणकात तयार झाला, की तो विरोधकांच्या हाती लागणार नाही याची हमी कोण देणार? आमच्याकडे मतदानाच्या आदल्या रात्री ‘अमक्याने माघार घेतली’ अशी आवई नुसत्या व्हॉट्सॲपवरच्या मजकुराने उठली होती आणि ती निस्तरताना पहाट झाली.

येरळाकाठ

मुद्रण घरीच करणार असाल तर पंखा बंद करा आणि कुकर गॅसवरून उतरवा. आमच्या सोसायटीच्या निवडणुकीतल्या कॉलमध्ये चेअरमनच्या नावाच्या नेमक्या आधी शिट्टी झाली होती, आणि अजूनही पोरे त्यांना पाहून शिट्टी मारतात.

विटेकर

ठरले. एजन्सीला नकार कळवला. गलाईवाल्या कुटुंबांचे क्रमांक भावकीकडून गोळा करायला आजपासून सुरुवात केली आहे आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे द्यायचा अर्ज लिहून ठेवला आहे. गुरुजी तयार आहेत, फक्त त्यांची अट अशी की, संहितेतले ऱ्हस्व-दीर्घ आधी ते स्वतः तपासणार. संहिता ऐकण्यासाठी आहे, वाचण्यासाठी नाही, हे सांगायचे धाडस घरात कुणालाच झाले नाही.