मदत हवी आहे: तानपुऱ्याची जवारी घरी काढता येते का?

निशिगंधा: आजोबांचा मिरजेचा तानपुरा माळ्यावरून उतरवला, पुसला, नव्या तारा चढवल्या. पण जवारी, म्हणजे तारेचा तो घुमणारा झंकार, नाहीच; आवाज अगदी कोरडा, ठण्ण् करून मरतो. रविवारी आत्याकडे गायचंय. लवकर सांगा.

पंचम४: बायकी (लहान, बायकांच्या आवाजाचा) की मर्दानी (मोठा)? तारा कोणत्या? घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीचा, जवळून फोटो टाका.

बागेश्री: घोडीवर बारीक पॉलिश पेपर फिरवा. मी फिरवला, मस्त बोलतो माझा.

पंचम४: बागेश्रीताई, कृपा करून असलं सुचवू नका. घोडीच्या माथ्याला अगदी किंचित उतार असतो. तार त्याला हलकेच घासते, म्हणून झंकार उठतो. तो उतार बिघडला की कारागीर गाठावाच लागतो.

बागेश्री: माझा तर नाही बिघडला!

जुनी_मैफल: मिरजेचा आहे तर पॉलिशसुद्धा खरवडू नका. तिथले शिकलगार मूळचे हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब तंतुवाद्यांकडे वळले आणि पिढ्यान्‌पिढ्या तेच काम चाललं. तानपुऱ्याच्या तळाचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. गायक अब्दुल करीम खाँसाहेबही मिरजेतच राहिले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, फार आनंद झाला होता.

निशिगंधा: काका, इतिहास नंतर नक्की वाचते. बायकी आहे, चार तारा, चारही पोलादी. घोडीवर तारांखाली मळके दोरे अडकले होते, ते काढून टाकले.

पंचम४: अहो, त्या दोऱ्यांनीच तर जवारी लागते! साधा सुती दोरा घ्या. आधी तार सुरात लावा, मग दोरा तारेखाली घालून घोडीवर हळूहळू सरकवा. केसभर फरकाने आवाज उघडतो. आणि खर्जाला, म्हणजे सगळ्यात खालच्या सा ला, पितळी तार लावा, पोलादी नको.

स्वरलीन: एवढा खटाटोप कशाला? इलेक्ट्रॉनिक तानपुरा घ्या, सूर उतरतच नाही.

जुनी_मैफल: भोपळ्याची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, त्यात नाही. आणि त्यांनी ते विचारलेलंही नाही.

निशिगंधा: मधल्या जोडीच्या तारांतला एक सा उघडला!! खोली भरून गेली. गायला बसण्याआधी आजोबा घोडीपाशी वाकून बोटांनी काय करायचे, ते आज कळलं. पंचमाची (प ची) तार मात्र अजून मुकीच आहे.

पंचम४: दोऱ्याला लगेच हात लावू नका. ती तार पुरती सुरात आहे का ते बघा. खुंटीनं जवळ आणा, उरलेलं तारेत ओवलेला मणी सरकवून. मग दोरा.