बॅकअप सर्व्हरला ओडीबीसी ड्रायव्हर हवाच का?

रात्रपाळी:
रोज सकाळी एकच प्रश्न असतो, रात्री कुणाचा बॅकअप चुकला? उत्तर सर्व्हरच्या डेटाबेसात असतं, पण आमच्या सॉफ्टवेअरला ओडीबीसी ड्रायव्हर, म्हणजे एक्सेल किंवा स्क्रिप्टमधून थेट डेटाबेसला प्रश्न विचारू देणारा दुवा, नाही. म्हणून माझी स्क्रिप्ट कमांड चालवून पडद्यावरचा तक्ता वाचते. एका मशीनचं नाव रकान्यात मावेना, ते दोन ओळींत तुटलं. स्क्रिप्टने अर्धंच नाव उचललं आणि ते मशीन तीन आठवडे अहवालात आलंच नाही. तीन आठवडे त्याचा बॅकअपही झाला नव्हता. आयबीएमच्या टिवोली स्टोरेज मॅनेजर या बॅकअप सॉफ्टवेअरच्या ५व्या आवृत्तीला ओडीबीसी ड्रायव्हर होता. मग आज तो मागितला तर चुकलं कुठे?

जुना अ‍ॅडमिन:
माणसाने वाचायचा तक्ता स्क्रिप्टला वाचायला लावलात, घोळ तिथे झाला. टिवोलीच्याच कमांडला शीर्षकं गाळून स्वल्पविरामाने तोडलेलं आउटपुट द्यायचे पर्याय आहेत. तुमच्याकडे तसं काही आहे का, ते आधी बघा.
त्या ५व्या आवृत्तीचा ड्रायव्हर मी वापरलाय. तिथे किचकट क्वेरीची (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाची) तात्पुरती टेबलं सर्व्हरच्याच डेटाबेसच्या मोकळ्या जागेत बनायची. 'बॅकअप्स' टेबलात तर प्रत्येक फाइलच्या प्रत्येक प्रतीची ओळ. एक्सेलमधून कुणी अट न लावता त्यावर सिलेक्ट (ओळी वाचायची आज्ञा) मारला की संपलंच! पुढे २००९ला ६.१ आवृत्तीत डेटाबेस आयबीएमच्याच डीबी२ या डेटाबेस सॉफ्टवेअरवर गेला, आणि जुन्या क्वेऱ्या पुन्हा तपासत बसावं लागलं.

क्वेरीकार:
अ‍ॅडमिनसाहेब, भार पडतो म्हणून दारच बंद करायचं, हे मला पटत नाही. बाकुला या दुसऱ्या बॅकअप सॉफ्टवेअरचा कॅटलॉग, म्हणजे बॅकअपच्या नोंदी, पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये ठेवता येतो. अहवालासाठी वेगळा यूजर करा, त्याला फक्त सिलेक्टची परवानगी द्या, स्टेटमेंट टाइमआउट (क्वेरी ठरल्या वेळेपेक्षा लांबली तर ती तोडणारी मर्यादा) लावा. 'जॉब' टेबलात कालचे जॉब बघायचे, ज्यांचं स्टेटस 'टी' (नीट संपला) नाही ते वेगळे काढायचे. पायथनच्या दहा ओळीसुद्धा लागत नाहीत.

जुना अ‍ॅडमिन:
त्याच बाकुलाने ११व्या आवृत्तीत 'फाइलनेम' टेबल काढून नावं 'फाइल' टेबलात नेली. ही दोन टेबलं जोडणारी जुनी जॉइन तिथेच मोडली. आतली टेबलं कंपनीने आपल्या सोयीसाठी बांधलेली असतात, ती तशीच राहतील असा शब्द कुणी दिलेला नसतो. कमांडचं आउटपुट निदान कागदोपत्री लिहिलेलं असतं.

रात्रपाळी:
जॉइन मोडली तर एरर येते, आणि ती मला चालेल, कारण ती त्याच सकाळी दिसते. माझं अर्धं नाव तीन आठवडे गप्प बसलं होतं. शिवाय बाकुलात टेबलांच्या रचनेचा आवृत्ती क्रमांक ठेवणारं 'व्हर्जन' टेबल आहेच. आधी तो आकडा तपासायचा, वेगळा निघाला तर स्क्रिप्ट थांबवायची.

जुना अ‍ॅडमिन:
आकडा तपासणार असाल तर जॉबच्या अहवालापुरतं मान्य. फाइलींच्या टेबलावर मात्र ड्रायव्हरने कुणाला सोडू नका, टाइमआउट लावला असला तरी. रात्री त्याच टेबलात बॅकअप लिहीत असतो.