'विषाद' हा शब्द 'विष'वरून आला आहे का?

तालीम_परळ
एकांकिकेतला एक संवाद अडलाय. काळ १९८२ च्या गिरणी संपानंतरचा, जागा लालबागची चाळ. साचे खात्यातून (गिरणीच्या विणाई विभागातून) कायमचा घरी बसलेला कामगार म्हणतो, "त्या दिवशी मनात विषाद दाटला." नट हे वाक्य दात-ओठ खात म्हणतो, कारण विषाद म्हणजे विष भिनल्यासारखी कडवट भावना असं त्याला वाटतं. खरी व्युत्पत्ती काय? खिन्न, उदास यांपासून हा शब्द वेगळा कसा?

धातुपाठ
विषाशी काहीही संबंध नाही. 'वि' उपसर्ग आणि 'सद्' धातू. सद् म्हणजे बसणे, खाली जाणे, गळून जाणे. सदन, संसद, परिषद, उपनिषद, प्रसाद ही सगळी याच धातूची भावंडं.

मग 'स'चा 'ष' का? पाणिनीचं सूत्र आहे : 'सदिरप्रतेः' (८.३.६६). वि, नि, परि अशा इकारान्त उपसर्गांपुढे सद् मधल्या स चा ष होतो, अपवाद फक्त 'प्रति'चा. 'प्र' अकारान्त, म्हणून प्रसाद आणि प्रसन्न यांत स तसाच राहिला. म्हणजे विषण्ण आणि प्रसन्न हे एकाच धातूचे दोन उलट शब्द आहेत, फरक उपसर्गाचा. आता लिहिताना चुकतं ते इथे : विषण्ण मध्ये ष मुळे दोन्ही न चे ण होतात. 'विषन्न' आणि 'विषण्न' दोन्ही चूक. 'विशाद' तर सर्रास दिसतो, कारण बोलताना श-ष चा फरक आपण बहुतेक सोडूनच दिलाय.

अर्थ पाहायचा तर गीतेचा पहिला अध्याय उघडा, त्याचं नावच अर्जुनविषादयोग. अर्जुन म्हणतो, 'सीदन्ति मम गात्राणि', माझे अवयव गळून जाताहेत. धातू तोच! आणि अध्यायाच्या शेवटी तो धनुष्यबाण टाकून रथात खाली बसतो. त्यात कडवटपणा कुठेच नाही, बळ जाणं आहे.

रंगपीठ_दादर
नटासाठी थेट कामाचं : नाट्यशास्त्राच्या सातव्या अध्यायात विषाद हा ३३ व्यभिचारी, म्हणजे येऊन-जाऊन असणाऱ्या, भावांपैकी एक आहे. शोक मात्र स्थायी, म्हणजे टिकून राहणारा, भाव, करुण रस त्याच्यावर उभा राहतो. विषादाची कारणं दिली आहेत ती हाती घेतलेलं काम तडीस न जाणं आणि दैवाचा घाला. संप फसलेल्या कामगाराला हे तंतोतंत लागू पडतं. अनुभावही, म्हणजे भाव बाहेर दिसण्याच्या खुणाही, दिले आहेत : उत्तम आणि मध्यम पात्रं मदत शोधतात, उपायांचा विचार करतात, उत्साह मोडतो, उसासे टाकतात, अधम पात्रांचं तोंड सुकतं, ती ओठांच्या कडा चाटतात, झोपून राहतात. दात-ओठ खाणं यात नाही, ते क्रोधाकडे जातं. खांदे आणि श्वास सोडून वाक्य म्हणायला लावा, आवाज आपोआप खाली येईल.

शब्दवेडा
खिन्न हा खिद् धातूचा, त्याचाच खेद. छिद्-छिन्न, भिद्-भिन्न तसं खिद्-खिन्न. त्यात थकव्याची छटा आहे. उदास मध्ये उद् + आस्, बाजूला बसणे. मूळ अर्थ तटस्थ, तो 'उदासीन'मध्ये अजून टिकून आहे. मराठीत उदास बहुधा दुःखाकडे झुकला आणि तो हलकाही आहे, संध्याकाळसुद्धा उदास असू शकते. विषाद तसा सैल वापरता येत नाही.

मराठीत विषादाला आणखी एक वळण आहे : 'विषाद मानू नका' म्हणजे मनाला लावून घेऊ नका. 'त्याचा मला विषाद वाटत नाही' यात खंत असते. नटाला कडवटपणा इथूनही जाणवत असेल. पण 'दाटला'बरोबर तो अर्थ लागत नाही.

तालीम_परळ
मनापासून आभार. मग शब्द ठेवू की काढू?

शब्दवेडा
काढा. साचे खात्यातला माणूस घरात 'विषाद' म्हणणार नाही, तो छापील शब्द आहे. 'हातपाय गळाले' किंवा 'मन खचलं' म्हणेल. बांध खचतो, जमीन खचते, तसं मन खचतं. सद् मधलं खाली जाणं या शब्दात पुरेपूर आहे. 'विषाद' निवेदकाकडे द्या, किंवा चाळीतल्या एखाद्या कीर्तनकाराकडे.

रंगपीठ_दादर
सहमत. फक्त 'त्या दिवशी मन खचलं' यानंतर लगेच पुढचं वाक्य घेऊ नका. त्याला आधी खाली बसू द्या.