मदत हवी आहे : पगार-पीएफ उरकायचं की मालकांचं ‘प्लॅनिंग’ करायचं?

नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) मी एचआर बघते. विभाग म्हणजे मी आणि टाइमकीपर काका, बस्स. कामगार १८० च्या आसपास.

७ तारखेच्या आत पगार, १५ च्या आत पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा) यांची चलनं. मध्ये कुणाचं आधारवर ‘सुनिल’, पीएफला ‘सुनील’, की अडकलं केवायसी! काल एक मोल्डर याच कामासाठी तिसऱ्यांदा आला. पोरीच्या लग्नाला पीएफमधून पैसे काढायचेत, तारीखही ठरलीय. त्याला ‘नंतर या’ कसं म्हणणार?

इकडे मालक म्हणतात, “मॅडम, आयटीआयची पोरं वर्षभर शिकून चाकणला का पळतात? पुढच्या तीन वर्षांचं काहीतरी मांडा.” त्यांचंही चूक नाही. पण ती एक्सेल उघडली की गेटवरून फोन आलाच. सोडून गेलेल्यांची नुसती यादी झालीय, कारणांचा रकाना अजून कोरा.

पगार-पीएफ बाहेर कन्सल्टंटला द्यावं का? धाकधूक एवढीच, की ओव्हरटाइम दुप्पट दराने लावायचा, त्यात हजेरीच चुकीची गेली तर शिव्या मलाच. तिथं कामगार जाणार नाही, माझ्याच टेबलाशी येणार.

छोट्या कारखान्यात हे कुणी जमवलंय का? केवायसीसारख्या कामांना ठरावीक वार ठेवला तर कामगार ऐकतात का? आणि हाताखाली एक माणूस मागताना मालकांपुढे नेमकं काय ठेवलंत? माझं ‘काम फार आहे’ हे दोनदा बोलून झालंय.