गोल मोजून बचावपटू कळत नाही

आइस हॉकीतला बचावपटू लिड्स्ट्रॉम, त्याने डेट्रॉइट संघाकडून 20 मोसमांत जेमतेम 264 गोल केले, मग उत्कृष्ट बचावपटूचा नॉरिस करंडक सात वेळा कशासाठी, असं काही जण विचारतात. मला हा हिशोबच उलटा वाटतो. त्याची दुसरी बेरीज बघा: 1564 सामन्यांत शिक्षेची मिनिटं फक्त 514. म्हणजे सामन्याला सरासरी 20 सेकंदसुद्धा नाहीत! साधी चूक केली तरी खेळाडू दोन मिनिटं बाहेर बसतो आणि संघ एक माणूस कमी घेऊन खेळतो. समोरच्याला न पाडता पक (बर्फावरची रबरी चकती) काढून घेणं ही त्याची खरी कमाई, म्हणून 2011 मध्ये एक्केचाळिसाव्या वर्षीही नॉरिस त्यालाच मिळाला.

मी ग्वाल्हेरला, लष्कर भागात, शाळेच्या हॉकी संघात फुलबॅक, म्हणजे मागचा बचावपटू होतो. बर्फ नाही, आपली मुरमाची जमीन. हॉकीतले गाजलेले फॉरवर्ड कॅप्टन रूपसिंह यांचं गाव, त्यामुळे पुढे खेळायला सगळे तयार, मागे उभं राहायला मीच. सर ओरडायचे, "अरे, बॉल कशाला बघतोस, त्याची कंबर बघ!" स्टिक गंडवते, कंबर नाही. पहिलं वर्षभर मी पोरांच्या नडग्याच फोडल्या, आमच्याविरुद्ध पेनल्टी कॉर्नरची रांग लागायची. पुढे लिड्स्ट्रॉमच्या चित्रफिती पाहिल्या तर गडी उलटा स्केटिंग करत सरकतोय, नजर समोरच्याच्या छातीवर, आणि काठी शेवटच्या क्षणी अलगद पुढे. आमच्या सरांनी बर्फ कधी पाहिला नव्हता, ती गोष्ट वेगळी.